आमच्या घराण्याचा बाक

माझ्या भावाला मागून हाक मारली तर तो मान वळवत नाही, अख्खाच्या अख्खा वळतो. आधी पाय फिरतात, मग कंबर, मग खांदे, आणि सगळ्यांच्या शेवटी त्याचा चेहरा आपल्यासमोर येतो, तोही हसरा. अकोल्याच्या जुन्या शहरात माझ्या माहेरचं फुलांचं दुकान आहे. तिथे आलेल्या नव्या गिऱ्हाईकाला वाटतं, काय अदबीचा माणूस आहे, बोलायचं तर पूर्ण समोर होऊन बोलतो. अदब आहेच त्याच्यात. पण खरं कारण असं की त्याच्या पाठीचे मणके एकमेकांना जुळून त्यांचा एक दांडा झालेला आहे. माझ्या वडिलांचाही तसाच झाला होता. वडिलांच्या काकांचाही झाला होता म्हणतात, पण त्यांना मी पाहिलं नाही, तेव्हा त्यांची साक्ष काढत नाही.

आमच्या घरी ह्याला बाक म्हणतात. अमक्याला बाक लागला, असं म्हणायचं. घरातल्या एखाद्या तरुण पोराची विशीच्या आसपास सकाळी उठताना कंबर धरून राहायची, त्याला अंथरुणातून सरळ उठता यायचं नाही, की आई तेल गरम करायची आणि वडील ठरवायचे की झालं, ह्याला आता मळ्यातून काढा. मळा नदीच्या पलीकडे होता. शेवंती, झेंडू, निशिगंध, मोगरा. दिवसभर वाकून खुडायचं, वाकून निंदायचं, मग टोपल्या डोक्यावर घेऊन दुकानात आणायच्या. ह्या वाकण्यानं आणि ओझ्यानं कंबर जाते, असं आमच्या घराण्याचं पक्कं मत होतं. म्हणून ज्याला बाक लागला त्याला दुकानात गादीवर बसवायचं.

हे बसवणं कसं असायचं ते नीट सांगते, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावरच आहे. भिंतीला टेकून गादी. डाव्या हाताला फुलांची टोपली, उजव्या हाताला दोऱ्याचं रीळ, पुढ्यात ओलं फडकं. हार ओवायचे, गजरे बांधायचे, गिऱ्हाईक बघायचं. त्याला काहीही उठून घ्यावं लागू नये ही घरातल्या सगळ्यांची जबाबदारी. टोपली रिकामी झाली की कुणीतरी भरून आणायचं. चहा जागेवर, पाणी जागेवर. जेवणसुद्धा कितीदा जागेवरच. माझा भाऊ विशीत गादीवर बसला तेव्हा मला त्याचा हेवा वाटला होता. मी उन्हातून टोपल्या वाहत होते आणि हा सावलीत राजासारखा. हे सगळं अगदी मायेनं होत होतं, हे मी आधीच सांगून ठेवते, कुणी माझ्या बापाला नावं ठेवू नयेत. राजाला हळूहळू गादीसारखीच घडी पडत गेली, तेही आम्ही मायेनंच पाहिलं.

मी लग्न होऊन अमरावतीला आले ती पुन्हा फुलांच्याच घरात. गावाबाहेर आमचा जमिनीचा तुकडा आहे. नवरा गेला, मुलानं मळा सांभाळला, मी अजूनही रोज सकाळी वाफ्यात असते. शाळा माझी चौथीतच सुटली. पुढचं वाचायला मी रद्दीवर शिकले. फुलांचे पुडे बांधायला वर्तमानपत्रं यायची, ती बांधायच्या आधी वाचून घ्यायची, त्यामुळे मला जगातल्या पुष्कळ गोष्टी अर्ध्या माहीत आहेत. उरलेला अर्धा भाग पुड्याच्या आत गेला. पण विचारायला मी कधी लाजले नाही, आणि हे माझं भांडवल काही लहान नाही.

आता माझ्या नातीकडे येते. मुलाची मुलगी. अमरावतीला बी.पी.एड. करते, म्हणजे शाळेत खेळाची शिक्षिका होणार. खो-खो खेळते. खेळते म्हणजे काय, तिला पाटीवर बसलेली पाहिलं की वाटतं ही बसलेली नाहीच, जमिनीवर फक्त टेकवून ठेवली आहे. पाठीमागून खो मिळायचा अवकाश, ती गेलेली असते.

एका सकाळी मी चहा ठेवला होता आणि ती अंथरुणातून उठत होती. ती आधी कुशीवर वळली. मग एक हात गुडघ्यावर ठेवला, एक भिंतीवर. मग थोडी थांबली. मग उठली. माझा चहा उतू गेला. हे उठणं मी पाहिलेलं होतं. माझा भाऊ विशीत अगदी असाच उठायचा, तोच हात, तीच भिंत, तेच मधलं थांबणं.

विचारलं तर म्हणाली की पुष्कळ दिवसांपासून होतंय, आजी, पहाटे तर दुखण्यानं झोप उडते. मग मैदानावर कशी जाते, तर म्हणे मैदानावर गेलं की पहिल्या फेरीला त्रास होतो, नंतर पाठ आपोआप मोकळी होते. मुलाच्या कानावर गेलं. त्यानं लगेच मामाला अकोल्याला फोन लावला, कारण आमच्यात बाकाचा सल्ला भावाकडूनच घेतात. एखाद्या दुखण्यात माणूस चाळीसेक वर्षं राहिला की त्यालाच डॉक्टर समजतात ना, तसं.

भावानं काय सांगितलं असेल ते तुम्हाला कळलंच असेल. पोरीला पळवू नका. कॉलेज बंद करा. दसऱ्याला अकोल्याला घेऊन या, तिला मी माझ्याजवळ बसवतो, हात बसला की दुकान तिचंच. भावाला मूल नाही आणि माझी नात त्याचा जीव आहे. तो तिला माय म्हणतो. म्हणजे माणूस आपलं होतं-नव्हतं सगळं देऊन बसला होता फोनवर. मुलगा मोठ्यानं हो म्हणाला. तोही बाप म्हणून काळजीनंच बोलत होता. त्यानं नातीचे बूट उचलून माळ्यावर ठेवले. नात काही बोलली नाही. तिच्या न बोलण्याची मला भीती वाटली, कारण आमच्या घरातल्या बायका बोलतात.

माझ्यापाशी तेव्हा बोलायला काही नव्हतं. नुसतं वाटून भागत नाही, कळावं लागतं. नातीच्या कॉलेजातल्या खेळाच्या मॅडमनी सांगितलं की हाडांच्या नव्हे, संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा. ऑटो केला आणि दोघी गेलो. मुलाला सांगितलं नाही असं नाही, सांगितलं, पण ऑटोत बसल्यावर सांगितलं.

डॉक्टर एक तरुण बाई होत्या. त्यांनी नातीला पहिलाच प्रश्न विचारला की दुखणं पडून राहिल्यानं कमी होतं की हिंडल्यानं. नात म्हणाली, हिंडल्यानं. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि आमच्याकडे पाहिलं. मग घरात कुणाला आहे का विचारलं. मी माझ्या बापाची, भावाची पाठ उठून उभी राहून वाकून करून दाखवली. त्यांनी कंबरेचा फोटो काढायला पाठवलं, तो मोठा, नळीत घालून काढतात तो, आणि रक्त घ्यायला लावलं. त्या तपासणीचं नाव एचएलए-बी सत्तावीस.

पुढच्या खेपेला निकाल आला. कंबरेच्या खालच्या सांध्यात सूज होती, आणि बी सत्तावीस होता.

मी विचारलं, हे सत्तावीस म्हणजे काय. त्यांनी घड्याळाकडे न पाहता सांगितलं, हे त्यांचे माझ्यावर उपकार. आपल्या अंगातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या बाहेर एक प्रथिन असतं. पेशीच्या आत जे काही चाललं असेल त्याचा एक बारीकसा तुकडा ते प्रथिन बाहेर धरून उभं राहतं. रक्तातल्या पहारेकरी पेशी हिंडत असतात, त्या तो तुकडा बघतात. तुकडा घरचा असेल तर पुढे जातात. एखाद्या विषाणूचा असेल तर ती पेशीच संपवून टाकतात, म्हणजे रोग पसरत नाही.

मी म्हटलं, म्हणजे वानगी.

बाईंना ते आवडलं. पहाटे फुलबाजारात बोऱ्याचं तोंड सोडून आपण मूठभर फुलं तळहातावर धरतो. व्यापारी बोरा उपसत नाही, तळहात बघतो आणि आतला माल ओळखतो. तसाच हा वानगी धरणारा हात. हा हात कसा घडवायचा ते ज्या जनुकात लिहिलेलं असतं त्याचं नाव एचएलए-बी. प्रत्येकाला ते दोन मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. माणसामाणसांत ह्या हाताची घडण वेगवेगळी असते, आणि ते बरंच असतं, म्हणजे एकच रोग सगळ्यांना एकदम फसवू शकत नाही. प्रत्येक घडणीला नंबर दिलेले आहेत. आमचा सत्तावीस.

हा हात वाईट नाही, असं त्या म्हणाल्या. काही विषाणूंची वानगी तो फार चांगली धरतो. पण तो ज्यांच्यात असतो त्यांच्यातल्या काही जणांमध्ये पहारेकरी आपल्याच पाठीच्या सांध्यांवर उठतात. तिथे सूज येते, सुजेच्या जागी शरीर नवं हाड घालत जातं आणि मणके जुळतात. नेमकं का उठतात हे अजून पूर्ण कळलेलं नाही, असंही त्यांनी सरळ सांगितलं. मला ते फार पटलं. फुलाचा व्यापारीसुद्धा एवढं खरं बोलत नाही. आणि हा हात असूनही बहुतेकांना आयुष्यभर काहीच होत नाही, हेही त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं.

मग त्या म्हणाल्या, "हिचं औषध दोन प्रकारचं आहे आजी. एक गोळी आणि एक हालचाल. गोळी मी देते. दुखणं भडकलं तर थोडं सबुरीनं घ्या, पण हिला बसवू नका."

बसवू नका. त्यांना आमच्या घराची रीत माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. तरी त्यांनी शब्द वापरला तो आमच्याच घरातला. मला माझ्या भावाची ती गादी दिसली, आणि डाव्या हाताची टोपली, आणि टोपली भरून आणणारे आमचे सगळ्यांचे हात, त्यात माझेसुद्धा.

निघता निघता मी म्हटलं, माझंही रक्त तपासा. त्या म्हणाल्या, तुम्हाला काही होत नाही, ह्या वयात तपासून तुमच्या उपचारात काही फरक पडणार नाही. मी म्हटलं, माझ्या उपचारात नाही पडणार, माझ्या घराच्या उपचारात पडेल. त्यांनी घेतलं रक्त.

माझ्यातही होता. सत्तावीस. बापाकडून मला, माझ्याकडून मुलाला, मुलाकडून नातीला, असा तो पायी चालत आलेला. माझी सून परतवाड्याची, तिच्या वडिलांना कंबरदुखी होती आणि ते दुखणं आपल्याकडून तर आलं नाही ना म्हणून ती मनातल्या मनात झुरत होती, हे मला तेव्हा कळलं. ती म्हणाली, "मंग माह्या माहेरचं नाही ना हे?" मी म्हटलं नाही बाई, हा दागिना आमच्याकडचा. ती इतकी हसली की तिनं त्या दिवशी पुरण घातलं.

बूट मात्र माळ्यावरच होते. मुलगा म्हणे, डॉक्टर काय सांगतात ते खरं असेल, पण मामांना विचारल्याशिवाय नाही. ते दुखणं त्यांनी काढलंय, डॉक्टरांनी नाही. मी म्हटलं, चल, मग त्यांनाच विचारू.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही अकोल्याला गेलो. दरवर्षीच जातो. त्या दिवशी दुकानात जमिनीला फरशी दिसत नाही, झेंडूच झेंडू. घरातले सगळे ओवायला बसतात. भावानं आपल्या गादीशेजारी दुसरी गादी घातली होती, नवी, पांढरी खोळ चढवलेली. शेजारी टोपली, रीळ, फडकं. नात त्याच्या पाया पडली आणि त्या गादीवर जाऊन बसली. नाही म्हणाली नाही. एवढ्या हौसेनं घातलेल्या गादीला नाही म्हणवत नाही, हे मलाही कळत होतं. म्हणून ते काम माझं होतं.

मी भावासमोर बसले आणि ओवता ओवता सगळं सांगितलं. वानगी सांगितली, हात सांगितला, सूज सांगितली. भाऊ ऐकत होता, दोरा चालूच. मग हसला.

"बाई, रक्तात कुठं बाक असते? बाक कामानं येते. बापूले आला, मले आला, दोघंही फुलाच्या मयात राबलो."

"मंग मले काहून नाही आला?"

"तुह्या रक्तात नसन."

"आत्ताच तर म्हणत होता, रक्तात नसते."

दुकानातले सगळे हसले. भाऊही हसला, पण दोरा थांबला. मी हसले नाही. मी म्हटलं, "आहे माह्या रक्तात. तपासून आली मी. पोरीत जे आहे ते माह्यातूनच गेलं. अन् टोपल्या तुह्यापेक्षा म्या जास्त वाह्यल्या भाऊ, आजही वाफ्यात वाकतो. कामानं बाक येत असता तर मी कवाचीच जमिनीले लागली असती."

टोपल्या वाहिल्या म्हणून मी वाचले, असं माझं म्हणणं नाही. डॉक्टरबाईंनी मला तसं म्हणायला मनाई केली आहे. माझ्यात हात आहे आणि दुखणं उठलं नाही, एवढंच खरं. पण राबल्यानं बाक येतो हे तर त्यातून खोटं ठरतं की नाही. भाऊ फूल हातात धरून बसला.

तेव्हा नात बोलली. घरातून निघाल्यापासून पहिल्यांदा.

"आबा, तुमाले गादीवर बसवलं त्याच्या आधी, सकायी पाठ कशानं मोकळी होये?"

भावानं तिच्याकडे पाहायला सगळं अंग वळवलं. वळायला त्याला वेळ लागतो, त्या वेळात तो विचार करतो. मग त्यानं सांगितलं, आणि माझ्याशी नाही, तिच्याशीच बोलला.

"पाणी द्याले जावो ना मी मयात. पयला वाफा भरेलोक जीव जाये. मंग मोकळी होये. म्या बापूले सांगतलं होतं तसं. बापू म्हणे, तवापुरतं वाटते लेका, पुढं भोगशीन, तू बस." हातातलं फूल दोऱ्यात ओवलं आणि म्हणाला, "मी दोन-चारदा उठून गेलो होतो. मंग माय रडे. मंग नाही उठलो."

गजरा घ्यायला आलेली एक बाई पैसे मुठीत धरून उभीच राहिली. एवढी वर्षं मी त्याच्या गादीचा हेवा केला, मग कीव केली, पण त्याच्या पाठीला काय हवं होतं ते त्याला कधी विचारलं नव्हतं. आमच्यापैकी कुणीच नाही. बाकाचा सल्ला सगळे त्याला विचारायचे, तो मात्र बापूचाच सल्ला सगळ्यांना द्यायचा.

भावानं समोरची टोपली हातानं जरा पुढे सरकवली. तेवढ्यानं ती लांब गेली नाही म्हणून नातीला म्हणाला, "माय, हे टोपली तिकडे दाराजवळ नेऊन ठेव."

नातीला वाटलं तिची. तिनं आपली उचलली.

"तुही नाही. माही. तुले कायले पाह्यजे टोपली, तू मैदानात जाय."

नातीनं टोपली दाराशी नेऊन ठेवली. भाऊ भिंतीला हात लावून उठला. सवयीनं दोघं-तिघं धावले, त्यानं हातानंच थांबवलं. दारापर्यंत गेला, ओंजळभर झेंडू घेतला, परत आला, बसला. ते ओवून झालं की पुन्हा उठला. गादीवरचा माणूस हिंडताना पाहून गिऱ्हाईकं बिचकली, एकीनं तर विचारलं की आज दुकानात माणसं कमी आहेत का. संध्याकाळपर्यंत त्याचे हार दरवर्षीपेक्षा कमी झाले, पण त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. माझ्या मुलानं तिथूनच सुनेला फोन केला आणि बूट खाली काढून ठेवायला सांगितले.

आता भावाची पाठ सरळ होणार नाही. जुळलेलं हाड सुटत नाही, हे डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं आणि आम्ही त्याला सांगितलं. तो म्हणाला, सरळ होऊन ह्या वयात कुणाला दाखवायचं आहे. पण टोपली अजून दाराशीच असते. मोर्णा नदीच्या पुलापर्यंत फिरून येतो. रात्री झोप लागते म्हणतो. नातीची गोळी चालू आहे. काही सकाळी तिची पाठ धरते, तेव्हा ती भिंतीशी उभी राहून डॉक्टरांनी शिकवलेले ताण देते आणि मी चहा गाळते. पुढे काय होईल ते कुणी लिहून देत नाही. पण माझ्या बापाला, भावाला जे कळलं नव्हतं ते हिला वेळेत कळलं आहे, आणि मला तरी ह्या पोरीची काळजी फार वाटत नाही. वाटली तर ती मला ओरडते.

हिवाळ्यात तिच्या कॉलेजची मॅच होती अमरावतीला. भाऊ अकोल्याहून बसनं आला, एकटा. मी त्याला मैदानाच्या कडेला, बरोबर मधोमध, खुर्ची मिळवून दिली आणि तिथेच माझी चूक झाली. खो-खोत पळणारी कधी ह्या खांबाकडे जाते, कधी त्या खांबाकडे, आणि भावाची मान तर वळत नाही. तेव्हा तो खुर्चीतून उठला आणि उभाच राहिला. पोरी इकडे आल्या की अख्खा इकडे, तिकडे गेल्या की अख्खा तिकडे. शेजारी बसलेले लोक खेळ सोडून त्याच्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, भाऊ, बस जरा, दमशील. तो म्हणाला, "आता तू बसवू नको मले."

नात मधल्या रांगेत पाटीवर बसलेली होती. दर वेळी ती खाली बसली की तो गप्प व्हायचा. मागून खो आला आणि ती सुटली की अर्धवट स्वतःशीच, अर्धवट मला म्हणायचा, "उठली."

मॅच संपेपर्यंत तो तेवढंच म्हणत होता.